संगणकाच्या पेटीस नक्षीदार खिडकी

संगणकाची पेटी आपणांपैकीं बहुतेक सर्वांनीं पाहिली आहे; पण ती नीट निरखून पाहणारा क्वचितच कोणी असेल. टेबलाखालीं उभा असलेला एक पत्र्याचा डबा. त्याची कळ दाबावी, आंतून पंख्याची घरघर ऐकूं यावी, आणि मग सारें लक्ष समोरच्या पडद्याकडे जावें, एवढाच आपला व त्याचा परिचय. बाजारांत ह्या डब्यास ‘कॅबिनेट’ म्हणतात. आपले विद्यार्थी मात्र सबंध डब्यासच ‘सीपीयू’ म्हणतात, तें चूक आहे. सीपीयू ही त्या डब्याच्या आंत पंख्याखालीं झांकलेली, काड्यापेटीहूनहि पातळ अशी एक चौकोनी चकती असते. डब्यास तिचें नांव देणें म्हणजे बैलगाडीस बैल म्हणण्यासारखें आहे.

ह्या डब्याच्या बाजूच्या पत्र्यांत नक्षी कापून तेथें पारदर्शक खिडकी बसविण्याची एक हौस गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर पसरली. आमच्या प्रशालेच्या कार्यशाळेंत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून आम्हीं हें काम दोन वर्षें करून घेतलें. त्यांत जें शिकलों तें ह्या लेखांत सांगणार आहों. काम हातीं घेण्यापूर्वीं आमची समजूत अशी होती कीं, पत्रा कापणें हाच अवघड भाग असेल. तो तसा नाहीं. चार दिवसांच्या सरावानें साधारण हाताचा मुलगाहि पत्रा कापूं शकतो. अवघड आहे तें काय कापूं नये हें ठरविणें. पत्र्याचा कोणता भाग जागच्या जागीं राहिला पाहिजे, कोठें बोटभर धातु सोडली पाहिजे, कोणत्या भागास मुळींच हात लावतां कामा नये, हें ज्यास कळलें त्यास खिडकी साधली. हें आम्हांस पुरतें कळावयास एक नुकसान सोसावें लागलें. तें आमचें नव्हतें, आमच्या विद्यार्थ्याचें होतें. त्याची हकीकत पुढें यथास्थळीं येईल.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. यंत्राचें पोट लोकांस दाखवावें ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत जनरल मोटर्स कंपनीनें पाँटिअॅक जातीची एक मोटार ठेविली होती. तिचा बाहेरचा सांगाडा पत्र्याऐवजीं प्लेक्सिग्लास नामक पारदर्शक पदार्थाचा केलेला होता, व आंतील प्रत्येक भाग बाहेरून दिसत असे. संगणकाच्या पेटीची गोष्ट जरा निराळी आहे. येथें खिडकी शोभेसाठीं आली नाहीं. ती वाऱ्याच्या पाठोपाठ आली. १९९० नंतरच्या दशकांत घरगुती संगणकांच्या पेट्या बहुधा फिकट मातकट रंगाच्या व सर्व सारख्या असत. ह्याच सुमारास कांहीं हौशी लोकांनीं आपल्या यंत्राच्या चकतीस कारखान्यानें नेमून दिलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें काम करावयास लावण्याचा उद्योग आरंभिला. १९९८ सालीं निघालेली इंटेलची सेलेरॉन ३०० ए ही चकती ह्या बाबतींत विशेष नांवाजली. ३०० मेगाहर्ट्‌झची ती चकती पुष्कळांकडे ४५० वर बिनतक्रार चाले. परंतु वेग वाढला कीं उष्णता वाढते. तेव्हां ह्या मंडळींनीं पेटीच्या माथ्यास व बाजूस गोल भोकें पाडून जादा पंखे बसविले. एकदां पत्र्यास करवत लागल्यावर मग भोकाची खिडकी व खिडकीची नक्षी होण्यास वेळ लागला नाहीं. त्यांतच, अनेकांनीं आपापलें यंत्र उचलून एका सभागृहांत न्यावें व तेथें तारांनीं जोडून एकत्र खेळावें, असे मेळे भरूं लागले होते. स्वीडनमधील ड्रीमहॅक १९९४ पासून व अमेरिकेंतील क्वेककॉन १९९६ पासून प्रसिद्ध आहेत. घरच्या टेबलाखालची पेटी अशा रीतीनें चारचौघांत मिरवूं लागली, आणि जी वस्तु मिरवावयाची ती सजविणें मनुष्यास भागच असतें. पुढें कारखानदारांनीं खिडकी असलेल्या तयार पेट्या विकावयास काढल्या, आणि आज तर सबंध बाजू कांचेची असलेली पेटी कोणत्याहि दुकानांत मिळते. तरीहि स्वतःच्या हातानें नक्षी कापणारे लोक आहेत, व त्यांचें आम्हांस कौतुक वाटतें.

आतां पत्र्याकडे वळूं. पेटीची बाजू साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीच्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याची असते. स्वस्त पेटींत पत्रा याहूनहि पातळ असतो. चारी कडा दुमडलेल्या असतात, व त्या घड्यांमुळेंच एवढ्या पातळ पत्र्यास ताठपणा येतो. म्हणून कडांपासून चार-पांच सेंटिमीटर आंतपर्यंत कापूं नये, व ज्या आकड्यांनीं ती बाजू पेटींत अडकते त्यांच्या जवळ तर जाऊंच नये. आमच्या एका उत्साही विद्यार्थ्यानें आकड्याच्या लगत चंद्रकोर कापली. नंतर ती बाजू पेटीस बसेना, व बसली कीं पंख्याबरोबर थरथरूं लागे.

नक्षीचा विचार करतांना पहिला प्रश्न ‘बेटांचा’ येतो. पत्र्यांत एक वर्तुळ कापा, आंतला तुकडा गळून पडतो, ठीक. पण त्या वर्तुळाच्या मध्यें आणखी एक लहान भरीव वर्तुळ पाहिजे असेल तर? तें कशास धरून राहणार? पाण्यांतील बेटाप्रमाणें तें चहूंकडून सुटें होतें व खालीं पडतें. त्यास जागेवर ठेवावयाचें तर बाहेरच्या पत्र्याशीं जोडणारा पूल सोडला पाहिजे. रांगोळीचे पत्र्याचे छापे आपण पाहिले असतील. त्यांत रेघेऐवजीं बारीक ठिपके असतात, त्याचें कारण हेंच. ठिपक्याठिपक्यांमधली जागा हाच पूल.

ज्यांस आपल्या नांवाचें अक्षर कापावयाचें असतें त्यांनीं हा विचार अवश्य करावा. देवनागरी लिपींत ह्या दृष्टीनें अक्षरांचे निरनिराळे स्वभाव दिसून येतात. ‘ग’ अगर ‘र’ कापतांना कांहींच अडचण नाहीं. ‘प’ आणि ‘म’ ह्यांचें पोट वरून शिरोरेषेनें बंद केलेलें असतें. शिरोरेषा गाळली किंवा मध्यें तोडली कीं तें मोकळें होतें व बेट पडत नाहीं. ‘व’ आणि ‘ब’ ह्यांची वाटोळी गांठ मात्र शिरोरेषा काढूनहि बंदच राहते, तेथें पूल बांधल्याविना गति नाहीं. आणि ‘ठ’ तर सर्वांत हट्टी. ज्या विद्यार्थ्याच्या आडनांवांत ‘ठ’ दोनदां येत होता, त्यानें अखेर अक्षराचा नाद सोडून पतंग कापला.

बेट ओळखण्याची खात्रीची युक्ति अशी: नक्षी आधीं जाड पुठ्ठ्यावर काढावी, धारदार पातीनें कापावी, आणि एका कोपऱ्यास धरून पुठ्ठा उचलावा. जें खालीं पडेल तें बेट. जें लोंबकळेल तें पत्र्यांतहि लोंबकळणार. पुष्कळ मुलांस ही पुठ्ठ्याची पायरी वेळ दवडण्यासारखी वाटते. आम्हीं नियमच करून टाकला कीं, पुठ्ठा उचलून दाखविल्याशिवाय पत्र्यास हात लावावयाचा नाहीं.

गेल्या वर्षीं मुलांच्या एका गटानें मोर काढून आणला. चित्र देखणें होतें. परंतु पिसाऱ्यांतील प्रत्येक डोळा म्हणजे एकेक बेट, अशीं मोजून तेवीस बेटें निघालीं. प्रत्येकास पूल द्यावा तर मोर पिंजऱ्यांत कोंडल्यासारखा दिसूं लागला. तेव्हां गटांतील एका मुलीनें सुचविलें कीं, वडाचें झाड काढावें. ही सूचना किती मार्मिक आहे हें आम्हांस कागदावर पाहिल्यावर समजलें. झाड पत्र्याचें ठेवावयाचें व भोंवतालचें आकाश कापून टाकावयाचें. बुंधा खालच्या पत्र्याशीं जोडलेला. फांद्या वरच्या कडेस जाऊन मिळालेल्या. आणि मधल्या आडव्या फांद्या, ज्या एरव्हीं निराधार लोंबल्या असत्या, त्यांस जमिनीपर्यंत उतरणाऱ्या पारंब्यांनीं आधार दिला. जो पूल इतर नक्षींत बळेंच घातलेला दिसतो तो येथें झाडाचाच अवयव झाला. अहमदाबाद येथें सिदी सय्यदच्या मशिदींत १५७२-७३ च्या सुमाराची दगडी जाळी आहे. तींत वेलीसारख्या गुंफलेल्या फांद्यांचें जें झाड कोरलें आहे त्याचें चित्र आम्हीं नंतर मुलांस दाखविलें. तेथेंहि पान फांदीस व फांदी फांदीस टेकलेली आहे. दगड असो वा पत्रा, जाळी कापणारापुढचा प्रश्न एकच असतो.

पुलाची रुंदी किती असावी? आमच्या अनुभवानें पाऊण मिलिमीटर पत्र्यास पांच-सहा मिलिमीटरपेक्षां कमी रुंदी ठेवूं नये, व लांब पारंबी याहूनहि रुंद असावी. दर मिनिटास १,२०० फेरे घेणारा पंखा म्हणजे सेकंदास वीस फेरे. तेवढी थरथर अरुंद पट्टीस मिळाली कीं ती सतारीच्या तारेसारखी बोलूं लागते. मागें खिडकीचा तक्ता चिकटला म्हणजे हा आवाज पुष्कळ कमी होतो, परंतु कापण्याच्या वेळीं तक्ता नसतो, हें ध्यानांत असावें.

नक्षी पत्र्यावर उतरवितांना ती कोणत्या अंगास काढावी ह्याचा विचार करावा. जिगसॉ नामक विजेच्या करवतीचे दांत वरच्या दिशेस असतात व ती वर येतांना कापते. त्यामुळें वरच्या अंगाचा रंग उडतो, शिवाय यंत्राचा तळ घासून ओरखडे पडतात. म्हणून पत्र्याचें रंगीत, दर्शनी अंग खालीं ठेवावें व आंतल्या अंगावर चित्र काढावें. पण मग चित्र उलटें काढावें लागतें, आरशांत दिसतें तसें. वडाच्या झाडास त्यानें फरक पडत नाहीं, अक्षरास पडतो. हें आम्हीं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेविलें होतें, आणि तरीहि पहिल्या वर्षीं एका गटाचें प्रशालेचें नांव उजवीकडून डावीकडे वाचावें लागे. तो पत्रा कार्यशाळेच्या भिंतीवर अद्याप टांगलेला आहे, व नवीन मुलांस तो दाखविला म्हणजे निराळें व्याख्यान द्यावें लागत नाहीं.

ही जिगसॉ करवत स्वित्झर्लंडमध्यें शिंटिला कंपनीच्या अल्बर्ट काउफमान ह्या अभियंत्यानें १९४६ च्या सुमारास काढली. शिवणयंत्राच्या सुईच्या जागीं करवतीचें पातें लावून पाहण्यापासून तिचा आरंभ झाला असें सांगतात. शिवणयंत्राच्या सुईची खालींवर होणारी चाल मनांत आणली म्हणजे ही करवत कशी चालते तें सहज समजतें. पत्र्यासाठीं पातें बारीक दांतांचें, धातु कापण्याचें घ्यावें. लांकडाचें पातें पातळ पत्र्यांत अडकतें व पत्रा फाडतें. पत्रा दोन पातळ फळ्यांच्या मध्यें दाबून धरला तर तो फडफडत नाहीं. कापण्यास आरंभ कोठून करावयाचा, तर नक्षीच्या प्रत्येक बंद भागांत, टाकून द्यावयाच्या बाजूस, सेंटर पंचानें खूण करून ड्रिलनें पातें शिरेल एवढें भोक पाडावें. अणकुचीदार कोपऱ्यांतहि आधीं एकेक लहान भोक पाडून ठेवावें, म्हणजे पात्यास वळावयास जागा मिळते. जेथें करवत वळत नाहीं अशा लहान वळणांत लागोपाठ भोकें पाडून मधली धातु गोल कानशीनें घासून काढावी. हें काम फार सावकाश होतें. वडाच्या सहा पारंब्यांस आमच्या मुलांचे तीन शनिवार गेले.

दुसरें एक उपकरण म्हणजे टोंकाशीं लहान चकती फिरणारें, लेखणीसारखें हातांत धरावयाचें यंत्र. अमेरिकेंत १९३२ सालीं स्थापन झालेल्या ड्रेमेल कंपनीच्या नांवानें तें ओळखलें जातें. सरळ रेघ कापावयास तें उत्तम. वळणास निरुपयोगी, कारण चकती ताठ असते, ती वळत नाहीं, मोडते. आणि ती मोडली म्हणजे काय होतें ह्याचा हिशोब प्रत्येक विद्यार्थ्यानें एकदां स्वतः करून पाहावा. चकतीचा व्यास ३८ मिलिमीटर व फेरे मिनिटास ३०,००० धरले तर तिचा परीघ सुमारें १२ सेंटिमीटर व फेरे सेकंदास ५०० होतात. म्हणजे कडेचा वेग सेकंदास ६० मीटर, तासास सुमारें २१५ किलोमीटर. चकतीचा तुकडा सुटला कीं तो ह्या वेगानें निघतो, आणि मुलाचा चेहरा तेथून हातभर अंतरावर असतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय आमच्या कार्यशाळेंत कोणी यंत्राची कळ दाबीत नाहीं, शिक्षकहि नाहीं. कापलेला पत्रा उचलतांना चामडी हातमोजे घालावे. मात्र ड्रिल चालवितांना तेच हातमोजे काढून ठेवावे, कारण फिरत्या टोंकांत ते गुंतले तर हातासह ओढले जातात.

आतां ती हकीकत. पहिल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत आमची पहिली खिडकी मांडावयाची होती. आदल्या सायंकाळीं बाजू यंत्रास बसवून पाहिली, तों एका कोपऱ्यांत रबरी पट्टी नीट बसेना. तेथें पत्रा केसभर पुढें आला होता. बाजू पुन्हां काढावी, बाहेर नेऊन घासावी, धुवावी, पुसावी, ह्यास अर्धा तास लागला असता. आम्हीं मुलांस म्हटलें, दोन मिनिटांचें काम आहे, आणि तेथल्या तेथें, यंत्र मागें उघडें असतांना, आमच्याच हातानें कानस चालविली. लोखंडाचा कीस किती पडला तो आम्हांस दिसलाहि नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाहुण्यांच्या समोर कळ दाबतांच आंत एक बारीकसा आवाज झाला, जळका वास आला, आणि यंत्र बंद पडलें तें कायमचें. संगणकाच्या मुख्य पाटीवर जागोजागीं दोन धातूच्या टोंकांमधलें अंतर मिलिमीटरहूनहि कमी असतें. कानशीचा एक कण तेथें आडवा पडला कीं वीज जेथून जाऊं नये तेथून जाते. शिवाय पंख्याच्या आंत चुंबक असतो; तो हा कीस आपल्याकडे ओढून घेतो व नुसत्या फुंकरीनें तो निघत नाहीं.

पाटी जळाली, ती पैशानें भरून निघाली. त्याच यंत्रांत एका विद्यार्थ्याचें काम होतें. आपल्या गांवच्या चार विहिरींच्या पाण्याची पातळी त्यानें जून महिन्यापासून दर रविवारीं दोर सोडून मोजली होती व ते आंकडे तो शाळेच्या यंत्रांत मांडून ठेवीत असे. माहिती साठविण्याची तबकडीहि त्या झटक्यांत निकामी झाली. दुसरी प्रत ठेविली पाहिजे हें आम्हींच वर्गांत शिकविलें होतें, आणि ती ठेविली आहे कीं नाहीं हें आम्हींच पाहिलें नव्हतें. त्याच्या वहींत पहिल्या पांच आठवड्यांचे आंकडे सांपडले. पुढचे त्यानें परस्पर यंत्रांतच लिहिले होते. मुलगा रागावला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. तो एवढेंच म्हणाला, “सर, यंदाचा पाऊस तर आतां मोजतां येणार नाहीं.” पुढच्या पावसाळ्यांत तो वरच्या वर्गांत गेला होता, त्यास ह्या कामाचे गुण मिळावयाचे नव्हते, तरी त्यानें जूनपासून पुन्हां दोर सोडावयास आरंभ केला, आणि प्रत्येक सोमवारीं तो आंकडे आम्हांस एका कागदावर लिहून देई. ते कागद आम्ही स्वतः कपाटांत ठेवीत गेलों.

तेव्हांपासून आमच्याकडे असा नियम आहे कीं, कापावयाचा पत्रा ज्या खोलींत आहे त्या खोलींत संगणक नसावा. बाजू पेटीपासून वेगळी करून दुसऱ्या खोलींत न्यावी. कापून, घासून झाल्यावर साबणाच्या पाण्यानें धुवावी, पूर्ण वाळवावी, पांढऱ्या फडक्यानें पुसावी. फडक्यावर काळा कण दिसला तर पुन्हां धुवावी. पेटीचा माथा किंवा तळ कापावयाचा असेल तर आंतील सर्व भाग आधीं काढून घ्यावे लागतात. विजेचा पुरवठा करणारी जी आंतली बंद लोखंडी डबी असते ती मात्र कोणत्याहि कारणानें उघडूं नये. २३० व्होल्टची वीज तींत सुमारें ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबांत बदलून सांठविली जाते, व तार भिंतींतून काढल्यावरहि कांहीं काळ ती सांठवण जिवंत राहते.

खिडकीसाठीं अॅक्रिलिकचा तीन मिलिमीटर जाडीचा तक्ता पुरतो. नामफलक तयार करणाऱ्यांकडे त्याचे तुकडे स्वस्तांत मिळतात. उष्णतेनें अॅक्रिलिक पोलादापेक्षां जवळजवळ सहापट फुगतें. चाळीस सेंटिमीटर लांबीचा तक्ता वीस अंश तापला तर तो अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो, व तेवढ्याच लांबीचा पत्रा एक दशांश मिलिमीटर. म्हणून स्क्रूसाठीं तक्त्यास पाडावयाचीं भोकें स्क्रूपेक्षां थोडीं मोठीं ठेवावीं, नाहीं तर उन्हाळ्यांत भोकापासून तडा जातो. तक्त्यावरचा संरक्षक कागद शेवटच्या क्षणापर्यंत काढूं नये. पुसावयास स्पिरिट वापरूं नये. त्यानें कापलेल्या कडेस कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. साधें साबणाचें पाणी व मऊ कापड पुरें. पॉलिकार्बोनेटचा तक्ता अधिक चिवट, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. कांचेविषयीं एकच सूचना: तयार पेट्यांस जी कांच असते ती तापवून व झटकन्‌ निववून कठीण केलेली असते, तिला मागाहून भोक पाडूं गेल्यास ती सबंध तक्त्यासह साबुदाण्याएवढ्या कणांत फुटते.

पत्र्याची कापलेली कड कानशीनें मऊ करून तिच्यावर रबरी पट्टी चढवावी. कापल्या जागीं जस्ताचें आवरण नसतें, म्हणून कोंकणासारख्या दमट हवेंत पट्टीखालीं रंगाचा एक हात अवश्य द्यावा.

राहिला वारा. ज्या भागांत पत्र्यास मूळचीं बारीक छिद्रें असतात ती जागा कारखान्यानें विचार करून ठरविलेली असते. तेथून बाहेरची थंड हवा आंत येते. त्यावर तक्ता बसविला तर खिडकी दिसेल सुंदर, पण आंतील चकती तापेल. पंख्याच्या तोंडावर नक्षी कापावयाची असेल तर हिशोब करावा. बारा सेंटिमीटरच्या पंख्याचें वर्तुळ ११३ चौरस सेंटिमीटर. मधल्या चार सेंटिमीटरच्या बुबुळाचे साडेबारा वजा केले तर वाऱ्यास सुमारें शंभर उरतात. नक्षीनें त्यांतले पन्नास झांकले तर वाट निम्मी झाली, आणि पंखा कडांवरून शीळ घालूं लागला. आमच्या वडाच्या बाबतींत मूळचीं छिद्रें बाजूच्या खालच्या भागांत होतीं. मुलांनीं तो भाग न कापतां तसाच ठेविला व ती झाडाखालची जमीन ठरविली. ज्यांनीं पाहिलें त्या सर्वांस तीं छिद्रें मुद्दाम काढलेली माती वाटली.

पत्र्याची पेटी आणखी एक काम मुकाट्यानें करीत असते. मायकेल फॅरडे ह्यानें १८३६ सालीं दाखविलें कीं, धातूच्या आवरणाच्या आंत बाहेरच्या विजेचा परिणाम पोंचत नाहीं. तसेंच अशा आवरणांतून आंतल्या विजेच्या लहरी सहसा बाहेर येत नाहींत. संगणकाच्या ठोक्यांमुळें ज्या लहरी उठतात त्या जवळच्या रेडिओस त्रास देतात. अमेरिकेच्या दळणवळण मंडळानें ह्याविषयीं १९७९ सालीं नियम केले; प्लॅस्टिकच्या पेटींतील टीआरएस-८० ह्या संगणकाचा पहिला नमुना त्यांत बसेना, व १९८१ सालीं त्याची विक्री थांबली. सेकंदास शंभर कोटि ठोके पडत असतां लहरीची लांबी तीस सेंटिमीटर होते, आणि पंधरा सेंटिमीटरची फट तिला बाहेर पडावयास सोयीची असते. म्हणजे एकच मोठी चौकोनी खिडकी ठेवण्यापेक्षां पारंब्यांनीं विभागलेली खिडकी येथेंहि बरी. मनुष्याच्या प्रकृतीस ह्यापासून भय नाहीं. ज्यांस पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं जुना मध्यम लहरींचा रेडिओ दोन स्थानकांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावून चालू पेटीजवळ धरावा, प्रथम साधी बाजू बसवून, मग खिडकीची. कोणत्या वेळीं खरखर अधिक येते तें कानांस कळेल.

वडाची खिडकी सध्यां कार्यशाळेशेजारच्या संगणकखोलींत आहे. आंत पांढऱ्या प्रकाशाची एक लहान पट्टी लावली आहे, त्यामुळें सायंकाळीं झाड काळें व आकाश उजळ दिसतें. विहिरींचे आंकडे त्याच यंत्रांत आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत मुख्य कचेरींतील कपाटांत आहे. कापून निघालेले आकाशाचे तुकडे मुलांनीं टाकून दिले नाहींत. त्यांवर पुढच्या वर्गास पातें चालविण्याचा सराव करतां येतो, कारण पत्रा तोच आणि जाडीहि तीच.